ईडन हिल्सची शोकाकुल आई आणि उचलून नेलेल्या मुलांची स्मारकं

ओली_माती

२६ मेला इथे ऑस्ट्रेलियात 'नॅशनल सॉरी डे' असतो. दरवर्षी आमच्या ॲडलेडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रूपवर कोणीतरी विचारतंच की शाळेतून पोरांना जांभळं कागदी फूल करून आणायला सांगितलंय ते कशासाठी, मग कोणीतरी दोन ओळीत उत्तर टाकतं आणि लगेच खाली आंब्याच्या पेटीची ऑर्डर सुरू होते. म्हटलं एकदा नीट लिहावं. पण मला सगळा इतिहास नाही लिहायचा, मला लिहायचंय इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या, उचलून नेलेल्या मुलांसाठी जागोजागी जी शिल्पं आणि स्मारकं उभी राहिली त्यांच्याबद्दल, कारण त्यातली काही बघून मी हलले आणि काही बघून नुसतीच पुढे गेले, आणि हा फरक कुठून येतो हे मला बरेच दिवस छळतंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: साधारण १९१० ते १९७० या काळात (काही भागात त्याच्याही खूप आधीपासून) सरकार, पोलीस आणि मिशनवाले यांनी मिळून ॲबोरिजिनल मुलं, त्यातही उजळ रंगाची, आयांपासून तोडून होम्समध्ये, मिशनमध्ये नाहीतर गोऱ्या घरांत ठेवली. त्यांनाच 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात. चोरूनमारून नाही हां, चक्क कायद्याने. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्यात १६ वर्षांखालच्या ॲबोरिजिनल मुलांचा पालक म्हणजे चीफ प्रोटेक्टर नावाचा सरकारी अधिकारी, आईबाप नव्हेत. न्यू साउथ वेल्सने १९१५ मध्ये कायदा बदलून मुलाची हेळसांड होते हे कोर्टात सिद्ध करायची अटच काढून टाकली. मग १९९५ ला चौकशी बसली, सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांनी ५३५ लोकांच्या हकिगती घेतल्या आणि २६ मे १९९७ ला 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल संसदेत आला. अंदाज असा की त्या साठ वर्षांत दर तीन मुलांतलं एक ते दर दहांतलं एक, एवढी मुलं नेली. अहवालाच्या ५४ शिफारशींमध्ये सॉरी डेसुद्धा आहे आणि गावोगावी, त्या त्या भागात या लोकांची आठवण ठेवायची सोय करा असंही आहे. म्हणजे आज जी स्मारकं दिसतात त्यांचं मूळ बऱ्याच अंशी तिथे.

आता ईडन हिल्स. ॲडलेडच्या दक्षिणेला टेकड्यांवरचं हे सबर्ब, तिथे शेपर्ड्स हिल रोडवर कोलब्रुक होम होतं. युनायटेड ॲबोरिजिन्स मिशन नावाची संस्था चालवायची. सुरुवात १९२४ ला पार उत्तरेला ऊडनाडाटाला, मग क्वॉर्न, तिथे पाण्याचे हाल म्हणून १९४० च्या दशकात इकडे. १९७२ पर्यंत साधारण ३५० मुलं इथे राहून गेली. नंतर इमारत पाडली आणि जागा तशीच पडून राहिली. १९९० च्या दशकात ब्लॅकवुड भागातल्या काही शेजाऱ्यांनी (गोरे आणि ॲबोरिजिनल दोन्ही) एकत्र येऊन गट काढला आणि कोलब्रुकमध्ये वाढलेल्या माणसांना गाठून विचारलं की या जागेचं काय करायचं. ही माणसं स्वतःला 'त्जि त्जि त्जुटा' (म्हणजे 'पुष्कळ मुलं') म्हणवतात. १९९८ ला तिथे 'फाउंटन ऑफ टिअर्स' झालं, वर कूलामॉन, त्यातून पाणी ओघळतं ते खाली कोरलेल्या चेहऱ्यांवरून. १९९९ ला 'ग्रीव्हिंग मदर'. ब्राँझची बाई, बसलेली, मान खाली, आणि हात रिकामे.

शिल्पकार सिल्वियो अपोन्यी, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत कुन्यी मॅकिनर्नी होती, जी स्वतः लहानपणी भावंडांसकट ऊडनाडाटाच्या होममध्ये ठेवलेली. हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. सरकारी कागदात मुलाचं नाव असतं (तेही बहुतेकदा बदललेलं), तारीख असते, अधिकाऱ्याची सही असते, आई मात्र कुठेच नसते. आणि जी मुलं नेली गेली त्यांना स्वतःचं स्मारक करायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी अर्धी जागा आईला दिली.

लिहा, भांडा, काही हरकत नाही. फक्त 'असं सगळीकडेच झालंय' एवढं एक वाक्य टाकून पळू नका.

नवखा_वाचक

छान धागा. कूलामॉन म्हणजे काय हो?

ओली_माती

लाकूड कोरून केलेलं उथळ भांडं, साधारण आपल्या काठवटीसारखं पण लांबट. बाया त्यात पाणी, बिया, कंद आणायच्या, आणि तान्हं मूल पण त्यातच निजवायच्या, वाहून न्यायच्या. म्हणून या स्मारकांमध्ये ते सारखं दिसतं.

भटकभवानी

ताई, मनातलं लिहिलंस. मी वेस्टर्न सिडनीत राहते, क्वेकर्स हिल साईडला, आणि आमच्याकडची गोष्ट तर अजून जुनी आहे. आपली अर्धी मराठी मंडळी ब्लॅकटाउन, सेव्हन हिल्स, वेंटवर्थव्हिलला घरं घेऊन बसलीत, पण ब्लॅकटाउन हे नाव कुठून आलं विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. १८१४-१५ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने पॅरामाटाला 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' काढलं, ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून इंग्लिश, बायबल, शिवणकाम, शेतीकाम शिकवायला. १८२३ ला ते रिचमंड रोडवर हलवलं, १८२९ ला बंद पडलं. त्या वस्तीला लोक 'ब्लॅक टाउन' म्हणायला लागले, तेच नाव राहिलं.

जागा ओकहर्स्टला आहे, रिचमंड रोड आणि रूटी हिल रोड नॉर्थच्या कोपऱ्यावर. गवत. बाकी काही दिसत नाही. मार्सडन पार्कला जाताना हजारो गाड्या रोज बाजूने जातात. २०१८ मध्ये ती जमीन तिथल्या मूळच्या डारुग लोकांना परत दिली, आणि त्याच्या आधीची काही वर्षं सिडनीच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टने आणि ब्लॅकटाउन आर्ट्सने तिथे लीन टोबिन, कार्ला डिकन्स, टोनी अल्बर्ट अशा ॲबोरिजिनल आर्टिस्टांकडून कामं करून घेतली. पण ती सगळी तात्पुरती, म्हणजे काही दिवस मांडायची, लोक जमायचे, शेकोटी, गाणी, गोष्टी, आणि मग परत गवत.

तिथे शिकलेल्या मारियाची गोष्ट जाता जाता सांगते, १८१९ च्या परीक्षेत पहिली आली होती, गोऱ्या पोरांना मागे टाकून. पुढे रॉबर्ट लॉक नावाच्या कैद्याशी लग्न झालं, आणि भावाच्या नावाची जमीन मागण्यासाठी गव्हर्नरला अर्ज केले. तिचे वंशज आज शेकड्यांनी आहेत, लीन टोबिन त्यातलीच एक.

आणि आता विरोधाभास बघा. २०१३ मध्ये सिडनीच्या हाइड पार्कात मॅक्वारीचा भला मोठा ब्राँझ पुतळा बसवला, 'परफेक्ट जंटलमन' वगैरे लिहून. १८१६ ची ॲपिनची ॲबोरिजिनल लोकांची कत्तल झाली ती त्यानेच पाठवलेल्या सैनिकांकडून. त्याला ब्राँझ आणि मुलांना गवत :(

रोखठोक_नाना

धागा चांगला आहे पण मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. हे पुतळे, कारंजी, फुलं, सॉरी डे, हे सगळं सरकारला फार स्वस्तात पडतं. एक दगड बसवायचा, मंत्र्याने रिबीन कापायची, फोटो काढायचा आणि पुढची पंधरा वर्षं नुकसानभरपाईचं नाव नाही. १९९७ ला अहवाल आला आणि माफी मागायला २००८ उजाडलं. अकरा वर्षं 'सॉरी' हा शब्द तोंडातून निघेना! आपल्याकडेही हेच, स्मारकाचं भूमिपूजन तीनदा होतं आणि पोटापाण्याचं काय ते कोणी विचारत नाही. मला विचाराल तर आधी चेक द्या, मग काय कोरायचं ते कोरा.

कॅनबेरकर

नाना, तुमच्या म्हणण्याचं उदाहरण आमच्या गावात आहे, आणि त्याच्या विरुद्धचं उदाहरणही तेच आहे, म्हणून सांगतो.

कॅनबेराला तळ्याकाठी, नॅशनल लायब्ररी आणि हायकोर्ट यांच्या मधल्या पट्ट्यात 'रिकन्सिलिएशन प्लेस' (म्हणजे समेटाची जागा) आहे. उभ्या पाट्यांसारखी शिल्पं आहेत, त्यांना तिथे 'स्लिव्हर' म्हणतात. २००२ मध्ये जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने उघडलं, म्हणजे माफी मागायला नकार देणारं सरकार तेच आणि रिकन्सिलिएशनची जागा बांधणारंही तेच. त्यात मुलांना नेण्याबद्दलचा जो भाग होता तो ज्यांना नेलं होतं त्यांना न विचारता ठरवला गेला. मग व्हायचं तेच झालं, ती माणसं आणि सॉरी डे कमिटी भांडली, आंदोलन झालं, वाटाघाटी झाल्या. शेवटी नेली गेलेली माणसं, त्यांना सांभाळणारे आणि अगदी त्या यंत्रणेत नोकरी केलेले लोक यांच्याशी बोलून नवीन काम झालं, ते २००४ ला लोकांसमोर आलं. त्याचं नाव 'सेपरेशन'.

मी परदेशातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेतो तेव्हा एक गोष्ट दिसते. बाकीच्या स्लिव्हरसमोर लोक फोटो काढतात, इथे वाचत उभे राहतात. त्या माणसांचे स्वतःचे शब्द आहेत म्हणून असेल. तर नाना, रिबीन कापायचा कार्यक्रमच होता तो, पण लोकांनी तो हिसकावून घेतला.

पेन्सिलटोक

कोल्हापुरातून लिहितोय, शिल्पकलेचं शिक्षण झालंय पण पोट दुसऱ्याच धंद्यावर चालतं. फोटो शोधून बघितले ग्रीव्हिंग मदरचे. एक तांत्रिक निरीक्षण: आपल्याकडच्या सार्वजनिक पुतळ्याचं सगळं व्याकरण उंचीचं आहे, चौथरा, त्यावर घोडा किंवा उभा माणूस, हात वर किंवा बोट पुढे, हार घालायला शिडी लागते. ही बाई दगडावर बसलीये, तुम्ही तिच्या शेजारी जाऊन बसू शकता. तिचा हात धरता येतो. ब्राँझमध्ये जिथे लोकांचे हात सारखे लागतात तिथला रंग बदलून चकाकी येते, कोणी प्रत्यक्ष गेलं तर बघा कुठे चकाकतंय, लोक त्या शिल्पाचं काय करतात ते तेवढ्यावरून कळेल.

आणि रिकामे हात करणं फार अवघड असतं बरं का. विद्यार्थी असताना आम्हाला हातात काहीतरी द्यायला सांगायचे, कारण नुसते हात लगेच नाटकी होतात. इथे झालेले नाहीत.

ओली_माती

@पेन्सिलटोक वा, हे मला कधी सुचलंच नसतं. हो, लोक शेजारी बसतात. सॉरी डेला फुलं, पानं, लहान मुलांची चित्रं मांडीत ठेवलेली असतात.

@नाना, पैशाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण 'आधी हे मग ते' असं इथे झालं नाही, दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे. ब्रूस ट्रेव्होरोची केस वाचा. १९५७ चा ख्रिसमसचा दिवस, १३ महिन्यांचं बाळ, पोटदुखी म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीतून कूरोंग भागातून ॲडलेडच्या हॉस्पिटलात आणलं. दोनेक आठवड्यांत बरं झालेलं बाळ आईबापांना न कळवता एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकलं. आई पत्र लिहून विचारतेय की माझा मुलगा कसा आहे, घरी कधी पाठवणार, आणि खात्याकडून उत्तर जातं की प्रगती चांगली आहे, पण डॉक्टरांना अजून काही दिवस ठेवायचाय. पोरगं केव्हाच दुसऱ्याच्या घरी! दहा वर्षांचा होता होता परत आला तेव्हा बाप गेलेला होता. २००७ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला ५,२५,००० डॉलर नुकसानभरपाई दिली, अशी कोर्टात जिंकलेली ही पहिलीच केस. पुढच्याच वर्षी, २००८ च्या जूनमध्ये, तो वारला. वय ५१. आणि तो गेल्यावरसुद्धा राज्य सरकारने अपील चालू ठेवलं, ते २०१० ला फेटाळलं गेलं.

त्या आईचं पत्र कोर्टात पुरावा झालं म्हणून आपल्याला माहीत. बाकी आयांचं काय? त्यांच्याकडे लिहितावाचता येत नव्हतं, पत्ता नव्हता, कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. म्हणून ती ब्राँझची बाई.

स्वानकाठी

पर्थवरून. आमच्याकडे एक वेगळाच प्रकार आहे, मुलांनी स्वतः काढलेली चित्रं. ते स्मारक म्हणून कोणी केलं नव्हतं पण आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं स्मारक तेच.

पर्थच्या दक्षिणेला कॅटॅनिंग गावाजवळ कॅरोलप नेटिव्ह सेटलमेंट होती, तिथे आणून ठेवलेली नुंगार (इकडचे ॲबोरिजिनल लोक) मुलं. १९४६ ला नोएल व्हाइट नावाचे शिक्षक आले. वर्गात मुलं ढिम्म, बोलेनात, म्हणून त्यांनी मुलांना रानात फिरायला न्यायला सुरुवात केली आणि परत आल्यावर जे दिसलं ते काढा म्हणून खडू दिले. आणि काय चित्रं निघाली हो! संध्याकाळचं तांबडं आकाश, काळी झाडं, उड्या मारणारे कांगारू. दहा-बारा-चौदा वर्षांची पोरं. रेव्हल कूपर, पार्नेल डेम्प्स्टर, रेनॉल्ड हार्ट, बॅरी लू ही त्यातली नावं. फ्लोरेन्स रटर नावाच्या इंग्लिश बाई आल्या, भारावल्या, चित्रं युरोपात नेऊन दाखवली. तोवर इकडे १९५० च्या सुमारास ती शाळाच बंद केली.

चित्रं रटरबाईंकडून एका अमेरिकन संग्राहकाकडे गेली, त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट युनिव्हर्सिटीला दिली, आणि तिथे ती पेट्यांमध्ये पडून राहिली. २००४ मध्ये हॉवर्ड मॉर्फी या मानववंशशास्त्रज्ञाच्या नजरेस पडली. २०१३ ला १२२ चित्रं इथे कर्टिन युनिव्हर्सिटीकडे परत आली, कायमची. म्हणजे मुलं नेली, मुलांची चित्रंही नेली, आणि परत चित्रं आधी आली. रेव्हल कूपरचं पुढचं आयुष्य बरंचसं तुरुंगात गेलं, फ्रीमँटलच्या तुरुंगातही तो तीच झाडं रंगवत होता.

मला त्या चित्रांपुढे उभं राहिल्यावर एक प्रश्न पडला, त्यात माणसं इतकी कमी का? बहुतेक रानच. सोबतच्या नुंगार बाई म्हणाल्या, ते रानच त्यांचं घर होतं, घर काढलंय त्यांनी. मी गप्प.

नवखा_वाचक

एक बावळट प्रश्न विचारू का, जांभळं फूलच का?

भटकभवानी

बावळट कसला. ते नेटिव्ह हिबिस्कस आहे, जास्वंदीच्या जातीतलं, डेझर्ट रोज पण म्हणतात. देशाच्या वायव्येकडच्या किंबर्लीतल्या स्टोलन जनरेशन्सच्या संस्थेने ते खूण म्हणून निवडलं, कारण देशात जवळजवळ सगळीकडे उगवतं आणि रखरखाटातही तग धरतं. कागदाचं करायला पण सोपं, म्हणून शाळांमध्ये चालतं :)

अवांतर: सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवर कधी उतरलात तर प्लॅटफॉर्म नंबर १ वर थांबा. त्याच प्लॅटफॉर्मवरून मुलांना गाडीत बसवून मुलींना कूटामंड्राला, मुलग्यांना किंचेलाला पाठवायचे. तिथे आता स्मृतिफलक आहे. किंचेला होम १९२४ ते १९७०, तिथे पोरांना नावाने हाक मारायचेच नाहीत, नंबर द्यायचे. त्यातले जे म्हातारे आज हयात आहेत ते एकमेकांची ओळख सांगताना अजून नंबर सांगतात. स्टेशनवर येणारे जाणारे हजारो, बहुतेक कोणी थांबत नाही, पण मला ती जागा योग्य वाटते, बागेत वेगळं काढून ठेवण्यापेक्षा जिथे घडलं तिथेच.

सोलापुरी_चादर

धागाकर्तीने 'सगळीकडेच झालंय' म्हणू नका सांगितलंय त्यामुळे जपून लिहितो. पण एक थेट धागा आहे, कारण साम्राज्य तेच होतं.

आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे, आजही रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी पोचवतो. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टखाली जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर जायचं. त्या कायद्यात १८९७ ला दुरुस्ती झाली आणि चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहासारख्या वसाहतीत ठेवायची तरतूद आली. चार वर्षं! म्हणजे कॅरोलपच्या कितीतरी आधी तोच विचार, की मूल घराच्या संस्कारातून काढलं की माणूस 'सुधारतो'. कुंपण गेलं ते १९५२ ला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

माझा मुद्दा एवढाच की त्या मुलांसाठी, खास त्या तरतुदीसाठी, मी तरी सोलापुरात एकही शिल्प पाहिलेलं नाही. नाव राहिलंय, भागाचं. ब्लॅकटाउनसारखंच.

भटकभवानी

@सोलापुरी_चादर बाप रे. सेटलमेंट भागात माझी मावशी राहायची, हे नाव असं पडलं हे घरात कधीच कोणी बोललं नाही.

रोखठोक_नाना

ट्रेव्होरोची केस वाचली, सगळी. त्या पत्राच्या उत्तराने डोकं फिरलं. पण बघा, माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो ना. कोर्टात गेला म्हणून एकाला मिळाले, बाकीचे? राज्य सरकारांच्या योजना बघितल्या तर टास्मानिया २००६, मग थेट २०१५-१६ च्या आसपास साउथ ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स (७५,००० डॉलर), व्हिक्टोरिया २०२२ (१ लाख), नॉर्दर्न टेरिटरीसाठी केंद्राची योजना २०२२ ला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची घोषणा तर २०२५ मध्ये, ८५,००० ची. माणसं सत्तर-ऐंशीची झाली तोवर. कितीतरी गेली. कारंजं १९९८ ला आणि चेक वीस-पंचवीस वर्षांनी, हा क्रम मला पटत नाही आणि पटणार नाही.

आणि अजून एक, मुलं नेणं थांबलंय का? आजही ॲबोरिजिनल मुलं सरकारी देखभालीत जाण्याचं प्रमाण बाकीच्या मुलांच्या दहापटीहून जास्त आहे असं वाचलं. मग कसलं स्मारक, चालू गोष्टीचं?

ओली_माती

हा प्रश्न बरोबर जागी लागला, नाना. आणि तुमचा हा शेवटचा मुद्दा तिथल्या आज्या स्वतःच मांडतात. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावात काही आज्यांनी 'ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स' काढलं, आमची नातवंडं नेऊ नका, निदान नातेवाईकांकडे ठेवा म्हणून. आणि माफीच्या वर्धापनदिनी, १३ फेब्रुवारीला, त्या संसदेसमोर जाऊन उभ्या राहतात. म्हणजे स्मारकाचे, स्मृतिदिनाचे दिवस त्यांनी शांत बसायचे दिवस ठेवलेलेच नाहीत.

क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कोलब्रुकचं काम सरकारने दिलेली भेट नव्हतीच. शेजारी, मिशनमधून बाहेर पडलेली माणसं, वर्गण्या, अर्ज, अशी ती गोष्ट. आणि तिथे उघडपणे बोलायला जागा मिळाल्यावर लोक आपल्या हकिगती सांगायला लागले. जी माणसं आयुष्यभर स्वतःच्या मुलांनासुद्धा काही बोलली नव्हती ती तिथे शेकोटीपाशी बोलली. तो बोलण्याचा सराव झाल्यावरच पुढे चौकशी समित्या, भरपाईच्या योजना यांच्यापुढे उभं राहता येतं असं मला वाटतं. सिद्ध करून दाखवता येणार नाही मला.

बरं, लोविचा ओ'डोनोह्यूबद्दल कोणीच कसं नाही लिहिलं? कोलब्रुकचंच मूल ते, क्वॉर्नच्या काळातलं. दोन वर्षांची असताना नेली, नाव बदलून लोइस केलं. मोठेपणी नर्स व्हायचं तर रॉयल ॲडलेड हॉस्पिटलमध्ये ॲबोरिजिनल म्हणून घेईनात, ती भांडून १९५४ ला आत शिरली. आणि हे ऐका, १९६२ मध्ये ती भारतात होती, आसाममध्ये मिशनच्या कामावर नर्स म्हणून! चीनचं युद्ध सुरू झालं म्हणून परत यावं लागलं. त्यानंतर काही वर्षांनी कामानिमित्त कूबर पीडीला गेली असताना दुकानात तिला नात्यातल्या लोकांनी चेहऱ्यावरून ओळखलं की ही लिलीची मुलगी. आई ऊडनाडाटाला होती. तीसहून जास्त वर्षांनी भेट. मधल्या काळात दोघींची भाषा वेगळी झालेली, धड बोलताही येईना. पुढे ही बाई देशातल्या सगळ्यात मोठ्या ॲबोरिजिनल नेत्यांपैकी एक झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत गेली.

म्हणून मला ईडन हिल्सची ती बाई नुसती कोणातरी एकाची आई वाटत नाही, मला ती लिलीच वाटते, शिल्पकाराने तसं म्हटलेलं नसलं तरी.

स्वानकाठी

लोविचा आसामात होती हे माहीत नव्हतं! शोधते अजून.

एक भर. शिल्पांच्या बाबतीत कलाकार कोण हे बघत चला. सिडनीजवळ माउंट ॲनन बोटॅनिक गार्डनमध्ये २००७ चं स्टोलन जनरेशन्स मेमोरियल आहे, वालुकाश्माचं, ते बॅजर बेट्स यांनी कोरलं. विल्कॅनियाचे, बार्कंजी या ॲबोरिजिनल समाजातले, आजीने वाढवलेले, कोरीवकामही तिच्याकडून शिकलेले. बाहेरून कंत्राट देऊन आणलेलं काम आणि हे काम यात फरक असतोच.

पेन्सिलटोक

इथे थोडा असहमत. कोलब्रुकचा अपोन्यी बाहेरचाच ना, तरी काम उभं राहिलं, कारण शेजारी कुन्यी होती आणि समोर विचारायला माणसं होती. रक्तावर जाऊ नका, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या समोर केलं ते बघा. कॅनबेरकर म्हणाले तसं पहिल्या वेळी तेच चुकलं होतं तिथे.

कॅनबेरकर

अगदी.

रोखठोक_नाना

मी काही हलत नाही माझ्या जागेवरून, पण मुलगी पुढच्या वर्षी ॲडलेडला शिकायला चाललीये, तिला ही लिंक पाठवली. तिला जायचं झालं तर कसं जायचं?

ओली_माती

नाना, बेलेअर लाईनची ट्रेन, ईडन हिल्स स्टेशन, तिथून शेपर्ड्स हिल रोडकडे चालत. चढ आहे, पाण्याची बाटली घ्यायला सांगा. तिकीटबिकीट काही नाही, उघडी जागा आहे. एरवी गेली तर एकटीच असेल, पाट्या वाचत बसता येईल. सॉरी डेच्या सुमारास गेली तर गर्दी असते, तेव्हा म्हाताऱ्या मंडळींचे फोटो न विचारता काढू नकोस एवढं सांगा, आणि मेमध्ये टेकडीवर गारठा असतो, जाड जॅकेट. तिचा नंबर मला मेसेज करा, मी जाणारच असते, स्टेशनवरून घेईन.

भटकभवानी

सिडनीकरांनो, या २६ ला मी माउंट ॲननला चाललेय, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, ब्लॅकटाउन स्टेशनवरून सकाळी आठला. पोहे मी आणते, चहाचा थर्मास कोणीतरी आणा.